दोन शवपेट्या आणि साहेबांचे खांदे

"उद्या सकाळी बालीरू गावात अंत्ययात्रा, आणि त्याच वेळी ड्रमकारातही! ओर्ला, मला दोन्हीकडे हजर राहायचंय. 'आधी त्यांच्याकडे गेलात' असं कोणी म्हणता कामा नये. जमत नसेल तर गाडीची किल्ली ठेव!"

आयर्लंडमधले खासदार लॉर्कन डेव्हनी यांना भाषण जेमतेमच यायचं. पण मतदारसंघात कोणी गेलं आणि डेव्हनीसाहेबांनी खांदा दिला नाही, असं कधी झालं नव्हतं. मतं मिळवायची तिथली तीच रीत! त्यात निवडणूक तोंडावर आलेली.

"जमेल की!" त्यांची ड्रायव्हर ओर्ला म्हणाली.

सकाळी तिने गाडी अलीकडे लावली आणि साहेबांना नदीवरच्या अरुंद पुलाच्या मधोमध चालत नेऊन उभं केलं.

"अगं, बालीरू मागे राहिलं, ड्रमकारा अजून पुढे! मी तर कुठेच नाही!"

"साहेब, बालीरूची दफनभूमी नदीच्या पुढच्या तीरावर, ड्रमकाराची मागच्या तीरावर. असं का, ते त्यांचे वाडवडीलच जाणोत! पण दोघांनाही हा पूल ओलांडावाच लागतो."

आणि खरंच, दोन्ही टोकांकडून शववाहिका आल्या आणि नाकाला नाक लावून थांबल्या! पेटी ठेवलेली गाडी मागे घेणं तिकडे मोठा अपशकुन.

"आमचे मॅलकीआजोबा मागे जाणार नाहीत!" बालीरूवाले म्हणाले.

"आणि आमच्या पेगीआजी? त्या जिवंतपणीसुद्धा कधी मागे हटल्या नाहीत!" ड्रमकारावाले ओरडले.

"साहेब, तुम्हीच सांगा, आधी कोण?"

साहेबांचं धाबं दणाणलं. एकाला आधी सोडलं, की दुसऱ्याची मतं नदीत!

"ओर्ला, वाचव!"

"अहो मंडळी," ओर्ला ओरडली, "भरलेली गाडी मागे जात नाही ना? मग रिकामी करा! पेट्या खांद्यावर घ्या, आणि दोघंही आपापल्या गाड्या मागे न्या!"

रिकाम्या गाड्या मागे सरकल्या. दोन्ही पेट्या पुलाच्या मध्यावर शेजारी आल्या आणि क्षणभर थांबल्या. त्यांच्यामध्ये साहेब, उजवा खांदा आजींना, डावा आजोबांना! दोन्ही गावं खूश.

परतताना साहेब म्हणाले, "माग काय हवं ते!"

"स्थानिक कौन्सिलची उमेदवारी."

"तुला? तुला राजकारणातलं काय कळतं?"

"साहेब, मेलेल्यांना खांदा तुम्ही दिलात. जिवंतांना वाट कोणी करून दिली?"

साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि हात पुढे केला.

"आण ती किल्ली! उमेदवार मागच्या सीटवर बसतात."