केरबाचा दहावा

“आबांचं राहिलं तरी काय, बुवा?”

ओल्या धोतरानं रंगराव नदीच्या घाटावर उभा होता. पुढं पत्रावळीवर बापाच्या नावानं ठेवलेला भाताचा पिंड. वर बाभळीवर सात-आठ कावळे. एक खाली उतरेल तर शपथ.

केरबा गुळव्याचा दहावा होता. पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरातल्या कुणी तोंडात काही घालायचं नाही, ही रीत. सूर्य डोक्यावर आला होता. पोरं पेंगली होती.

“कायतरी इच्छा राहिली असंल,” मागून कुणीतरी म्हणालं. दुसऱ्याच्या मयताची इच्छा लोकांना फार लवकर कळते.

मठाचे भैरूबुवा पायरीवर बसून कावळ्यांकडं बघत होते.

रंगराव गेली बारा वर्षं त्यांचा शिष्य. मठात पोथी तोच सांगायचा. मरण म्हणजे काय, हे त्याचं अख्ख्या गावाला समजावून झालं होतं. बोलायला तो कधी कमी नव्हता.

त्यानं पिंडापुढं हात जोडले. “आबा, आईला अंतर देणार नाही.”

कावळे गप्प.

“आक्काचं माहेर तुटू देणार नाही.”

गप्प.

“तुमच्या नावानं मठाला सभामंडप बांधीन.”

एक कावळा उठला आणि आणखी लांबच्या फांदीवर जाऊन बसला.

विधी सांगणारे गुरुजी कंटाळले होते. “दर्भाचा कावळा करू. पिंडाला लावू आणि मोकळं होऊ.”

“नाही.” रंगरावचा आवाज चिरकला. “अख्ख्या गावाला काकवी पाजली ज्या माणसानं, त्याच्या पानाला गवताचा कावळा? आबांना उपाशी घालवायचं?”

गुरुजींनी दर्भ खाली ठेवला.

मग बुवांनी विचारलं, “तुझा बाप कसा होता रे, रंगा?”

“कर्मयोगी होते, बुवा. निष्काम…”

“ते पोथीत. घरात कसा होता?”

रंगरावनं तोंड उघडलं… आणि मिटलं.

थोरली बहीण आक्का बोलली. “पन्नास हंगाम गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढं काढले आबानं. हातावरचे केस जळले ते परत आलेच नाहीत. घरी यायचा तो काकवीची किटली घेऊन. आम्ही पाच, शेजारची सात, सगळी हात पुढं करून ओळीनं बसलेली. एकेकाच्या तळहातावर धार सोडायचा. शेजारच्यांना आधी.”

“आणि स्वतः?”

“किटलीचं झाकण चाटायचा.”

पोरं हसली. रंगरावही हसला. हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं.

बुवांनी केरबाच्या बायकोकडं बघितलं. “तानूबाई, जेवायचा कवा?”

दहा दिवसांत तिनं पहिल्यांदा मान वर केली. “सगळ्यांचं झाल्यावर. पोरं जेवली का, गडी जेवले का, बैलाला वैरण पडली का… मग ताटावर बसायचं. त्यात दारात कोण उभं दिसलं, की परत उठायचं. त्याला बसवायचं. एक भाकरी गरम खाल्ली नाही ह्यांनी. अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले.”

“मी ओरडायचो,” रंगराव हळू म्हणाला. “आबा म्हणायचे, गार भाकरी दाताला सोपी.”

“दात तरी कुठं होते,” तानूबाई म्हणाली.

बुवा उठले. झोळीतनं भाकरी काढली. तिचे तुकडे केले. पहिला तानूबाईच्या हातात दिला. मग पोरांना. मग आक्काला.

“अहो बुवा…” गुरुजी पुढं झाले. “कावळा शिवायच्या आधी घास? असं कुठं असतं?”

बुवांनी त्यांच्या हातातही एक तुकडा ठेवला.

शेवटचा तुकडा त्यांनी रंगरावपुढं धरला.

“आबा उपाशी आहेत, बुवा.”

“जेव.”

“बापाच्या आधी कसा जेवू?”

“रोज कसा जेवत होतास?”

रंगरावनं तुकडा घेतला.

मग तो पायरीवर बसला. कोरडी भाकरी. घास फिरत होता, उतरत नव्हता. शेजारी आई चावत होती. पोरं चावत होती. गुरुजीसुद्धा नदीकडं तोंड करून चावत होते. घाटावर दुसरा आवाज नव्हता.

रंगरावनं घास गिळला.

पंख फडफडले.

पत्रावळीवर कावळा उतरला होता. त्यानं मान वाकडी करून एकदा सगळ्यांकडं बघितलं आणि भातात चोच घातली.

रंगरावचे डोळे भरून आले. हात जोडत, धडपडत तो उठायला लागला.

बुवांनी त्याचं धोतर धरून त्याला खाली ओढलं.

“बस खाली. तू उभा दिसलास तर उठेल तो.”