वर बघ, चिमणी बघ

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. ऊन नाही, पाऊस नाही, वारासुद्धा पडलेला. चिंचेचं पान हलत नव्हतं. अशा दिवशी घरातला आवाज घरातच राहतो. आणि ज्याच्या घरात आवाजच नाही, त्याला तो दिवस फार मोठा वाटतो.

सोनबा कासाराला तो तसाच वाटत होता. पण त्या दिवसाकडे जाण्याआधी थोडं मागचं सांगायला हवं.

एका गावात हा सोनबा एकटा राहायचा. जन्मभर त्याने बायाबापड्यांच्या हातात बांगड्या भरल्या. "हात सैल सोड, बाय," एवढंच म्हणायचा, आणि बांगडी मनगटात कधी गेली ते कळायचंही नाही. पुढे बाया बाजारातून बांगड्या आणू लागल्या. मुलगा लांब कामाला गेला. बायको यमुना वारली.

सोनबाला घाईने जेवायची खोड होती. मग ठसका लागायचा. यमुना ताटावरून उठायची, त्याच्या टाळूवर थापटायची आणि म्हणायची, "वर बघा, वर बघा, चिमणी बघा." एवढ्या थोराड माणसाला चिमणी! पण तो बघायचा. ती गेल्यावर ठसका लागला की तो आपणच आपल्या टाळूवर थापटायचा आणि वर बघायचा. वर असायचा नुसता वासा, आणि त्याला पाळण्याची रिकामी कडी.

गावाजवळ काजूचा कारखाना निघाला. बाया कामाला जाऊ लागल्या. लहान पोरं ठेवायची कुठे, हा प्रश्न घरोघर आला. सोनबाला वाटलं, आपण सांभाळावीत. घर आहे, वेळ आहे, कडी आहे. पण त्या मुलखात असा नियम होता, की दुसऱ्याची मुलं घरी सांभाळायची तर आधी शिकून घ्यायचं, मग परवाना, मग दारावर पाटी.

"पोरं वाढवायला काय शिकायचं असतं?" असं पुटपुटत का होईना, सोनबा दवाखान्यातल्या वर्गाला जाऊन बसला. सगळ्या बाया, त्यात हा एकटा म्हातारा.

नर्सबाईंनी विचारलं, "रांगतं मूल आहे. काहीतरी तोंडात घातलं, घशात अडकलं. काय कराल?"

सोनबा सगळ्यांच्या आधी बोलला. "टाळूवर थापटायचं. वर बघ म्हणायचं."

सगळ्या बायांनी माना डोलावल्या.

"मूल खोकत असेल तर खोकू द्या," नर्सबाई म्हणाल्या. "पण आवाजच बंद झाला तर? टाळूवर थापटून अडकलेलं निघत नाही, तात्या. मान वर केली तर ते आणखी आत जायचं. टाळू नाही, पाठ. वर नाही, खाली."

त्यांनी रबरी बाहुली हातावर पालथी घेतली, हात मांडीवर टेकवला, बाहुलीचं डोकं खाली केलं आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मुळाने ठोकलं. मग बाहुली सोनबाकडे दिली. सोनबाने ती नीट पालथी घेतली, आणि त्याचा हात गेला सरळ टाळूवर. बाया हसल्या.

"हात सैल सोडा, तात्या," नर्सबाई म्हणाल्या.

जन्मभर हे वाक्य त्याने दुसऱ्यांना सांगितलं होतं. त्याला कुणी सांगायची ही पहिलीच वेळ.

घरी येऊन तो ओट्यावर बसून राहिला. म्हणजे यमुना चुकत होती? तिने तर याच हाताने पोर वाढवलं. पुन्हा त्या वर्गाला जाऊच नये, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने आपला हात उलटसुलट करून पाहिला. उद्या कुणाचं तरी लेकरू या हातात येणार, आणि हा हात तर आपलंच ऐकत नाही.

तो पुन्हा वर्गाला गेला. घरी बाहुली नव्हती, म्हणून एक दुधी भोपळा फडक्यात गुंडाळला. रोज तो हातावर पालथा घ्यायचा आणि ठोकायचा. भिंतीला भिंत लागून हौसाचं घर होतं. तिने खिडकीतून पाहिलं.

"काय तात्या, भोपळ्याला ढेकर निघंना व्हय?"

"दुधी आहे गं. दूध पिऊन झोपलाय."

भोपळा गावभर झाला. रस्त्याने जाणारे विचारायचे, "कासारबुवा, बाळ बरंय ना?" सोनबा हसायचा. हसणारे पुढे जायचे, आणि घरात तो आणि भोपळा उरायचे.

एके दिवशी हौसा तिच्या मुलीला, सगूला, कडेवर घेऊन आली. सगू नुकती रांगू लागली होती. "तात्या, उद्यापासनं कारखान्यात बोलावलंय. हिला तुमच्याकडं ठेवते."

"अगं, शिकून व्हायचंय अजून. पाटी कुठाय दाराला?"

"पाटीचं काय घेऊन बसलाय? माझी पोर वाचणार हाय व्हय पाटी?"

सगूने सोनबाचं बोट धरलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याचं बोट धरलं होतं. 'ठेव' हा शब्द अगदी ओठांवर आला. पण त्याच सकाळी भोपळा घेताना त्याचा हात पुन्हा एकदा वर गेला होता.

"नको हौसा. माझा हात अजून टाळूकडे जातो."

हौसाला काही उमगलं नाही. "मग नको म्हणा की सरळ. एकटं राहायची सवय लागलीया तुमाला, दुसरं काय!" ती सगूचं बोट सोडवून निघून गेली.

कारखान्यातली तिची जागा दुसरीला मिळाली. हौसा घरीच चिंचा फोडायचं काम घेऊन बसली. सोनबाशी बोलणं तिने बंद केलं. खिडकीसुद्धा लावून घेतली. आता भोपळ्यावरून चेष्टा करायलाही कुणी उरलं नाही. सोनबा रोज शिकत राहिला. भिंतीपलीकडून चिंचा फोडण्याचा ठक ठक आवाज यायचा, तेवढीच सोबत.

आणि मग तो मळभाचा दिवस आला.

ठक ठक थांबली. मग हौसाची किंकाळी आली. सोनबा अनवाणीच धावला. ओट्यावर चिंचोके पसरले होते. हौसाने सगूला उभं धरलं होतं आणि ती तिच्या टाळूवर थापटत होती. "वर बघ गं माझे बाय, चिमणी बघ, चिमणी!" जमलेल्या बायाही वर बोट करून तेच म्हणत होत्या. सगू बिचारी वर बघत होती. तिच्या तोंडून आवाज नव्हता. ओठ निळे पडत होते.

सोनबाने हात पुढे केला. तो हातही वर निघाला होता, टाळूकडे. अर्ध्यावर थबकला.

"हात सैल सोड," तो स्वतःला म्हणाला.

त्याने सगूला घेतलं, खाली बसला, तिला हातावर पालथं केलं, डोकं खाली, हात मांडीवर. आणि पाठीवर ठोकलं.

"मारताय काय लेकराला!" हौसा ओरडली.

तो थांबला नाही. पुन्हा ठोकलं. पुन्हा. सगूच्या तोंडातून ओला चिंचोका टणकन ओट्यावर पडला, आणि त्यामागोमाग तिने असा टाहो फोडला, की पलीकडच्या आळीतली माणसं बाहेर आली.

"रडू दे," सोनबा म्हणाला. "रडू दे तिला. आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात दाखवून आण."

माणसं पांगली. संध्याकाळी सोनबा भाकरी खायला बसला. ठसका लागला. खोकला आला तसा त्याने येऊ दिला, मग हळूच आपल्याच टाळूवर थापटलं आणि वर बघितलं. यमुनाची ती थाप त्याने सोडली नव्हती. ती त्याने स्वतःपुरती ठेवली होती. दुसऱ्याच्या लेकरासाठी दुसरा हात शिकला होता.

दवाखान्यातून परतलेली हौसा दारात उभी होती. सगू तिच्या खांद्यावर झोपली होती.

तात्पर्य: माया प्रत्येकाच्या हातात असते, पण दुसऱ्याचं लेकरू त्या हातात घ्यायचं तर आधी हाताला शिकवावं लागतं. शिकलेला माणूस म्हणून सोनबा हे सांगू शकला असता, पण ते सांगितलं हौसाने, दाराच्या चौकटीला टेकून: "तात्या, पाटी लागंस्तवर मी बसते घरी. तुम्ही पुरतं शिकून घ्या. आन् रोज सांजच्याला भिंतीवर थाप मारून मला हाक मारत जा, तो हात मलाबी शिकायचाय."