दोन टक्क्यांचं भविष्य

प्रवेश-सल्लागार धर्माधिकारी लातूरच्या सभागृहात ज्योतिषाच्या थाटात मुलांची भविष्यं सांगत होते. शाल्मलीच्या तालुक्यातल्या शाळेचं नाव ऐकताच त्यांनी तिचा कॉलेजच्या प्रवेश-अर्जासोबतचा निबंध न वाचताच बाजूला सारला.

"ते लिबरल आर्ट्स कॉलेज विसर, बाळ. तुझी संधी दोन टक्के."

आईचा चेहरा उतरला. "चल गं घरी. अर्ज राहू दे."

शाल्मली हलली नाही. "सर, प्रवेश नाही मिळाला तर?"

"माझा अंदाज खरा."

"आणि मिळाला तर?"

"त्या दोन टक्क्यांतली तू. तरीही खराच!"

"काहीही झालं तरी तुमचंच खरं. मग त्यासाठी मी अर्ज कशाला सोडू?"

आईनं निबंध उचलून लेकीच्या हाती दिला.

"आजच पाठव."