पंचविसाव्या छापानंतर

"ही रेघ कोणी ओढली, उस्ताद?"

मिरजेचे जुने छापकार इमाम मुल्ला ॲसिडचं तबक धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठली?"

"ही. वरून अडखळत खाली येणारी. ही मी ओढलेली नाही."

निहार पोतनीस सात वर्षं त्यांच्या हाताखाली शिकला होता. त्याच्या या चित्रात ना झाड, ना माणूस. मेण फासलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओढून ॲसिडने खोल केलेल्या नुसत्या रेघा. त्या पत्र्याचे कागदावर पंचवीसच छाप काढायचं ठरलं होतं. ते निघाले होते. आता प्रत्येकावर त्याची सही हवी होती. दुपारी गॅलरीची गाडी येणार होती.

तीन दिवस तो पेन्सिलीला टोक काढत होता. सही करत नव्हता.

"परवा मुंबईची माणसं आली, ती सगळी या रेघेपुढेच थांबली," तो म्हणाला. "एकजण तर म्हणाला, हिच्यासाठीच चित्र घेतोय."

"बरं मग?"

"तुम्ही ओढलीत?"

"नाही."

"खरं सांगा, उस्ताद."

"पत्र्यावरच्या मेणाला तडा गेला असेल. ॲसिड आत शिरलं असेल. नाहीतर तुझाच हात लागला असेल..."

"असेल, असेल! मला नक्की काय ते हवंय. माझ्या चित्रात माझी नसलेली रेघ मला नको."

तो उठला. दारापर्यंत गेला. परत आला.

उस्तादांनी हात पुसले. तांब्याचा पत्रा त्याच्यासमोर ठेवला, शेजारी कोरणी ठेवली.

"पंचवीस झाले. आता रिवाज काय?"

"पत्र्यावर रेघ मारून तो बाद करायचा. पुन्हा कोणी छापू नये म्हणून."

"मार."

निहारने कोरणी उचलली. तीन दिवसांचा राग हातात उतरला होता. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तांबं करकरलं.

"आता याचा एक छाप काढ."

"कशाला? बाद झाला ना तो?"

उस्तादांनी शाईचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

निहारने शाई भरली. ओला कागद अंथरला. प्रेसचं चाक फिरवलं आणि कागद अलगद उचलला.

सगळ्या रेघांवरून एक जाड, काळी, सरळ रेघ गेली होती. तिच्याखाली चित्र निपचित पडलं होतं.

"ही कोणाची?" उस्तादांनी विचारलं.

"माझी."

"नक्की?"

"नक्की..."

तो कागदाकडे बघत राहिला. मग टेबलावरच्या पंचवीस छापांकडे. मग पुन्हा हातातल्या कागदाकडे. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, तसा तो दचकला. त्याने घाईघाईने पेन्सिल उचलली.

"उस्ताद, ते आले. सही करू ना?"

"कर की. कुठल्यावर?"