बुवांची तहान

"...पण मग दहाही टीमना एकच पद्धत लावायची, की ज्याची त्याला?"

टेकडीवरच्या मठात चिदंबरबुवा भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

सुहास टेंबे पार गोंधळून गेला होता. सॉफ्टवेअर कंपनीतला मोठा साहेब, पण करणार काय बिचारा! तीन पद्धती शिकून झाल्या होत्या. एकीत रोज सकाळी उभं राहून बोलायचं, दुसरीत भिंतीवर कामाच्या चिठ्ठ्या लावायच्या, तिसरीत सगळ्यांनी मिळून तीन महिन्यांचा बेत आखायचा. टीम एक होती तोवर कुठलीही चालून जायची. दहा झाल्या आणि सगळा विचका झाला.

"हॉस्पिटलचं ॲप आहे, बुवा. प्रत्येक टीम आपला भाग वेळेत करते, पण जोडायला गेलं की कोसळतं. दोनदा झालं असं. सोमवारपर्यंत पद्धत ठरली नाही तर काम हातचं जाईल. शंभर माणसं घरी बसतील हो!"

त्याच्या एका बाजूला आफरीन बसली होती, दुसऱ्या बाजूला वाघमोडे. दोघं दोन टीमचे प्रमुख. आले एकाच गाडीतून, पण वाटभर बोलले ते सुहासशीच.

"पोरी, तुझं कुठं अडलंय?" बुवांनी विचारलं.

आफरीननं सुहासकडे पाहिलं. "वाघमोडेंकडून येणारी पेशंटची माहिती आमच्याकडे चुकीची दिसते. सरांना सांगितलंय."

"आणि तुझं रे?"

वाघमोडेनंही सुहासकडेच पाहिलं. "आमच्याकडे ती बरोबर दिसते. मीही सरांना सांगितलंय."

"मी बघतोय ना ते!" सुहास म्हणाला. "म्हणून तर म्हणतो, एखादी पद्धत..."

बुवांनी रिकामा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"तहान लागलीय."

आता हे काय मध्येच? पण बुवांना नाही कसं म्हणायचं? सुहास पायथ्याच्या विहिरीवर गेला. तांब्या भरून धापा टाकत वर आला. सोमवार तोंडावर आलाय आणि आपण इथं पाणी भरतोय, या विचारानं तो वैतागला होता.

बघतो तर आफरीन त्याच्या जागेवर सरकलेली. मध्ये टरफलं मांडून दोघं तावातावानं बोलत होती.

"अहो मॅडम, मग आधीच नाही का सांगायचं!" वाघमोडेनं कपाळावर हात मारला. "सर, सापडलं! तारीख लिहिताना आम्ही महिन्याचा आकडा आधी टाकतोय, यांना दिवसाचा आधी हवाय."

"एवढंच?"

"एवढंच, सर."

हसावं की रडावं, सुहासला कळेना. महिनाभर दोघांचे निरोप वाहता वाहता त्याची झोप उडाली होती.

"मग बुवा... या तिन्हींतली कुठली पद्धत घेऊ?"

बुवांनी तांब्या उचलला. घोटभरही न पिता सगळं पाणी अंगणातल्या जास्वंदीला घातलं आणि तांब्या पुन्हा त्याच्या हातात दिला.

"आता ओढ्यावरून आण. तो जरा जास्त लांब आहे."