लोटीतलं औषध

पुष्कळ वर्षं झाली, इतकी की मोजायला बसणारे म्हातारेही आता उरले नाहीत, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठी विणकरांचं एक गाव होतं. घरोघरी माग आणि दिवसभर धोट्यांची खटखट. तिथल्या एका घरात दोन जावा राहत. त्यांची नावं कुणी सांगत नाही, म्हणून आपण त्यांना थोरली आणि धाकटी म्हणू. नवरे लुगडी घेऊन लांबलांबच्या बाजारांना जात आणि महिनोन्‌महिने परतत नसत.

तर या थोरलीच्या मनाला काहीतरी झालं. कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. नुसतंच सगळं नकोसं झालं. सकाळी डोळे उघडले की वाटे, कशाला उघडले? भाकरीला चव नाही, झोपेला सुख नाही. मागावर बसली की हात तसाच राही आणि डोळ्यांतून पाणी येई. शेवटी तिनं भिंतीकडे तोंड करून पडायला सुरुवात केली.

आता ऐका गंमत. गेल्या साली हेच दुखणं धाकटीला झालं होतं. तीही अशीच पडून असायची. आणि ती मात्र उठली! आता ती अंगण झाडताना शेजारणीला हाका मारी, खळखळून हसे, तेही थोरलीच्या उशाशी.

थोरलीच्या पोटात नुसती आग पडे. "हिचं बरं झालं. हिचंच का? मी हिच्याहून वाईट आहे का?" असं ती मनात म्हणे आणि दात खाई. दुखण्यानं तिची सगळी इच्छा मारली होती, पण हेवा काही मारला नव्हता. तो आपला टुणटुणीत होता.

एक दिवस ती कशीबशी उठून वैद्यबुवांकडे गेली. म्हणाली, "तिला दिलंत ते औषध मला द्या."

वैद्यबुवांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले. म्हणाले, "बाई, तिला मी काहीच दिलं नव्हतं. मी औषध काढायच्या आधीच ती उठली. तू तिलाच विचार ना, कशी उठलीस म्हणून. तेवढ्यानं नाही भागलं तर ये, मी काही हात आखडणार नाही."

"तुम्ही तिच्या माहेरच्या गावचे," थोरली फणकारली. "तुम्ही तिचीच बाजू घेणार."

आणि तिला विचारायचं? छे! जीव गेला तरी नाही.

त्या दिवसापासून थोरली पडल्यापडल्या धाकटीवर पाळत ठेवू लागली. आणि तिला दिसलं. धाकटी रोज उजाडता उजाडता चुलीवर काहीतरी ढवळत बसे. मग ते लोटीत ओती, वर झाकण ठेवी आणि पदराआड धरून बाहेर पडे. परत येई ती उन्हं चढल्यावर, गाल लाल करून.

"काय गं नेतेस रोज?" थोरलीनं विचारलं.

"काही नाही, जाऊबाई," धाकटी गडबडली आणि निघून गेली.

बस्स! थोरलीला पुरावा मिळाला. औषध आहे, आणि ही एकटीच पिते.

दुसऱ्या दिवशी धाकटी लोटी भरून पाणी आणायला आडावर गेली, तेवढ्यात थोरलीनं झाकण काढलं आणि अर्धी लोटी घटाघट प्यायली. कडू, दाट, चिकट. "औषधच ते! कडू नसेल तर औषध कसलं?" तिनं लोटीत पाणी घालून ती पुन्हा काठोकाठ केली. असं तिनं तीन दिवस केलं. मनाला तर काही झालं नाही, पोट मात्र दगडासारखं झालं.

चौथ्या दिवशी धाकटी लवकर परत आली. रडून डोळे सुजले होते. लोटी कोपऱ्यात टाकली आणि गेल्या सालच्यासारखी भिंतीकडे तोंड करून पडली.

खरं सांगू? थोरलीला आनंद झाला. आतून अगदी गार वाटलं. "झाली बरोबरी," ती म्हणाली. पण तो आनंद दिवस मावळेपर्यंतसुद्धा टिकला नाही. चूल पेटली नाही. पाणी भरलं गेलं नाही. एका भिंतीशी ही, दुसऱ्या भिंतीशी ती, आणि मध्ये थंड घर. धाकटीचं मुसमुसणं ऐकताना थोरलीला भीती वाटू लागली, की ही आता परत उठलीच नाही तर?

सकाळी दारात काठी वाजली. गल्लीच्या टोकाला राहणारी म्हातारी विणकरीण आली होती. तोंडानं तिखट, पाठीत वाकलेली, आणि जगात एकटी.

"कुठंय ती?" म्हातारी ओरडली. "माझ्या खळीत पाणी घातलंस, मी दोन शब्द बोलले, येऊ नकोस म्हणाले, तर खरंच आली नाहीस होय?"

खळ म्हणजे तांदळाची पेज. मागावर चढवण्याआधी उभं सूत रस्ताभर ताणायचं, त्याला खळ लावायची आणि कुंच्यानं विंचरत सुकवायचं. याला पाजणी म्हणतात. खळ पातळ झाली की सूत मागावर तटातट तुटतं. म्हातारीचं तसंच तुटलं होतं. आणि पाजणी एकट्यानं होत नाही. दुसऱ्या टोकाला ताण धरून माणूस लागतंच.

"मी पाणी घातलं नाही हो, आजी," धाकटी भिंतीकडूनच म्हणाली. "तुमची शपथ."

थोरली गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. पण त्या पडलेल्या पाठीकडे तिला बघवेना.

"पाणी मी घातलं," ती म्हणाली. "आणि खळ मी प्यायले."

"प्यायलीस?" म्हातारीनं कानाला हात लावला. "अगं बये, विणकराच्या घरची सून ना तू? खळ ओळखता येत नाही?"

"आमची खळ कडू नसते. मला वाटलं, औषध आहे."

म्हातारीनं कपाळावर हात मारला. "कसर लागू नये म्हणून मी कडुनिंब घालते. आणि ते कुणाला सांगू नकोस, असं मीच हिला बजावलं होतं. कुठल्या घरच्या खळीत काय असतं, ते विणकर दुसऱ्या घरी सांगत नाही." मग ती खाली टेकली. "माझे हात आखडले. चुलीशी बसवत नाही. गेल्या साली ही अशीच पडलेली पाहिली, तेव्हा म्हटलं, ऊठ, माझी खळ शिजव आणि टोक धर. रडायचं तर टोक धरून रड. हस म्हणून मी कधी सांगितलं नाही."

"मग?" थोरलीनं विचारलं.

"मग काय? महिनाभर रडली. टोक मात्र सोडलं नाही. चल आता, तूही ऊठ. सूत तू बिघडवलंस, तूच नीट करून दे."

थोरलीला उठावंसं वाटत नव्हतं. तिला काहीच करावंसं वाटत नव्हतं. पण चूक तिची होती. तिनं आपल्या मागासाठी ठेवलेलं सूत उचललं आणि निघाली. धाकटीही तिच्या मागून उठली, कारण खळ शिजवायला कुणीतरी हवंच होतं.

त्या दिवशी थोरली टोक धरून उभी राहिली आणि रडली. दुसऱ्या दिवशीही रडली. उन्हात पाय दुखत, हात भरून येत. कुणी समजूत काढायला आलं नाही आणि कुणी हाकलूनही दिलं नाही. काही दिवसांनी तिला भाकरीची चव कळली. दुसऱ्या दिवशी परत कळली नाही. असं चालू होतं.

एका सकाळी धाकटी म्हातारीच्या कशालातरी खो खो हसली, आणि थोरलीच्या पोटात तीच जुनी आग पडली. पण आज ती मनात म्हणाली नाही, मोठ्यानं म्हणाली, "तू हसलीस ना, की मला तुझा राग येतो. वाटतं, हिचंच का बरं झालं?"

धाकटीचा कुंचा थांबला. ती म्हणाली, "मला तुमचा यायचा, जाऊबाई. गेल्या साली मी पडून असायचे आणि तुम्ही भाकऱ्या थापत गाणी गुणगुणायचात. वाटायचं, उठावं आणि तुमचा तवा उचलून उकिरड्यावर फेकावा!"

"माझा तवा?" थोरली म्हणाली. आणि तिला हसू फुटलं. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा. हसताना हातातलं टोक सैल पडलं आणि म्हातारीनं दोघींना सडकून शिव्या घातल्या.

दुखणं तेवढ्यानं पळालं नाही. अधूनमधून येई. पण आलं की थोरली आता भिंतीकडे वळत नसे. "आज जड आहे गं," असं धाकटीला सांगे आणि पाजणीला जाई.

बोध : दुसरा बरा झाला म्हणून जळत बसू नये, तो कसा बरा झाला ते त्याला विचारावं, आणि आपलं दुखणंही त्याला सांगावं.