तासाभराचा फोटो

“यात मी कुठे आहे, चाचा?”

निशिकांत वालावलकरने फोटो उलटा करून मागची बाजूही बघितली.

खाडीचा धक्का आला होता, होड्या बांधायचे खांब आले होते, पलीकडची टेकडी आली होती. माणूस तेवढा नव्हता.

“तुमची पेटी बिघडली आहे. सकाळी तासभर मी त्या धक्क्यावरच होतो.”

“असशील,” सिद्दीकचाचा म्हणाले.

पन्नास वर्षं स्टुडिओ चालवून चाचा आता दिवसाला एकच फोटो काढत. बिस्किटांच्या पत्र्याच्या पेटीला सुईएवढं भोक, आत फोटोचा कागद, आणि भोकावरचं झाकण तासभर उघडं. जे जागेवर राहील ते कागदावर येई. हलेल ते येत नसे.

निशिकांत पुण्याच्या एका वर्तमानपत्राचा नावाजलेला फोटोग्राफर होता, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. बारा वर्षं आगी, अपघात, पूर टिपले. मग हात थरथरू लागले ते थांबेनात. महिनाभरात हात सुधारला नाही तर कॅमेरा परत करायचा, असं संपादकांनी सांगितलं होतं. शांत पाण्याचे फोटो काढ, मन निवेल, असं कुणीतरी सुचवलं. म्हणून तो या खाडीवर आला. चार दिवसांत त्याने दोन हजार काढले. सगळे हललेले.

“तासभर काय करत होतास?”

“फोटो काढत होतो.”

“मग पेटी बरोबर आहे.”

दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा खोलीवर ठेवून आला. पाठ ताठ करून, दात आवळून बसला. संध्याकाळी कागदावर धुरासारखं काहीतरी उमटलं.

“हे काय?”

“तू. हट्टाला पेटलेला.”

तिसऱ्या, चौथ्या दिवशीही धूरच.

निशिकांत भडकला. “बक्षिसं मिळवलीत मी! आणि तुम्ही मला बसायला शिकवणार?”

“मी कुठं शिकवतो रे? मी फक्त झाकण उघडतो.”

…

पाचव्या दिवशी वारा सुटला होता. खाडी उसळत होती. फेरीबोट आली, माणसं चढली, उतरली, ओरडली. निशिकांत खांबाला टेकून बसला.

थोड्या वेळाने ते चेहरे डोळ्यांपुढे आले. बारा वर्षांत टिपलेले, पुरातले, आगीतले. रोज ते आले की तो उठून येरझाऱ्या घालायचा. आज उठला नाही. डोळ्यांतून पाणी वाहिलं, ते त्याने पुसलंही नाही. एकेक चेहरा आला आणि गेला. मग नुसती खाडी राहिली.

झाकण कधी लागलं, त्याला कळलं नाही.

संध्याकाळी तांबड्या दिव्याखाली चाचांनी फोटो छापायला घेतला. चिमटा निशिकांतच्या हातात दिला.

थाळीतल्या औषधात आधी टेकडी आली. मग धक्का. मग खांब…

खांबाला टेकून एक माणूस बसला होता.

“आलो!” निशिकांत ओरडला. “चाचा, मी आलो!”

“काय झालं हो?” शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं.

“मी आलो! फोटोत आलो!” तो हसत होता आणि रडतही होता. एवढा आनंद त्याला कुठल्याच बक्षिसाने झाला नव्हता.

मग त्याचं लक्ष चिमट्याकडे गेलं. फोटो त्यात लटकत होता. जराही हलत नव्हता.

तो कितीतरी वेळ आपल्या हाताकडे बघत राहिला.

“उद्या पुण्याला निघतो, चाचा,” तो शेवटी म्हणाला. “कामावर.”

चाचांनी मान डोलावली.

निशिकांत पुन्हा फोटोवर वाकला. फेरीबोट नव्हती, माणसं नव्हती. आणि पाणी…

“चाचा, सकाळी तर खाडी उसळत होती. यात ती काचेसारखी कशी?”

चाचा थाळी धुवायला वळले.

“मला काय विचारतोस? तिथं बसला होता ना, त्याला विचार.”